पिवळा न पडलेला नंदी

घाटंजीच्या आमच्या बाजारओळीचा लाकडी नंदी वर्षभर आमच्या घरात राहतो. कमरेएवढा उंच, सागवानी, खाली चार चाकं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तो बाहेर पडतो. ओळीतली पोरं आपापले लहान नंदी ओढत त्याच्यामागे तोरणाखालून जातात आणि मग दारोदार हिंडून बोजारा गोळा करतात, कुठं खाऊ, कुठं दोन पैसे. नंदी माझ्या आजेसासऱ्यांनी घडवला, म्हणून ठेवायचा मान आमचा आणि रंगवायचाही आमचाच. घरातले पुरुष सुतारकाम करतात, रंगाचं काम बायकांकडे. आधी सासूबाई रंगवत. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी त्यांना नीट दिसेनासं झालं आणि ब्रश माझ्या हाती आला.

मला काम पद्धतशीर लागतं. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं खडूनं यादी लिहायची आणि झालेलं काम ओल्या फडक्यानं पुसायचं, हा माझा शिरस्ता. नागपंचमी झाली की दारावर नंदीची यादी चढायची: घाणीवरचं जवसाचं तेल, सफेद्याची पांढरी पूड, राळ, मुरदाडसिंग, रेतीकागद, जुनं धोतर. पावसानं उसंत दिली की अंगणात तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी कढई चढवून तेल कढवायचं. त्यात मुरदाडसिंगाची पुरचुंडी सोडायची, म्हणजे रंग लवकर वाळतो. काडीनं एक थेंब काचेच्या तुकड्यावर घ्यायचा आणि दोन बोटांत ओढून पाहायचा. तार धरली की कढई खाली. जरा आधी उतरवली तर रंग चिकट राहतो, जरा उशीर झाला तर तेल काकवीसारखं होतं. माझं तेल कधी बिघडलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, ओळीत कोणालाही विचारावं.

आणि रंगाच्या आधी तेल पाजायचं. आमच्या घरात तेल न प्यालेल्या लाकडाला रंग लागत नाही, मग तो पाळणा असो, दार असो की देव्हारा. नंदीवरचा जुना रंग घासून घ्यायचा, कोमट कच्चं तेल चिंधीनं चोळायचं, भेगा आणि सांधे पितील तेवढं पिऊ द्यायचं, मग काही दिवस त्याला हात लावायचा नाही. सासूबाई हे करत, त्यांच्या सासूबाईही करत. यादीत मी ते कधी लिहीत नसे, कारण श्वास घ्यायचा असं कोणी यादीत लिहीत नाही.

नंदी रंगवला की पांढराशुभ्र दिसायचा. तान्हा पोळा संपला की मी त्याला चादरीत गुंडाळून आतल्या अंधाऱ्या कोठीत ठेवायची, आणि पुढच्या नागपंचमीला चादर सोडली की नंदी पिवळा. थोडाथोडका नाही, जुन्या तुपासारखा. त्याच रंगाचे पोरांचे लहान नंदी ओसरीत, अंगणात लोळत पडलेले असायचे, ते मात्र पांढरे. उजेड नसला की जवसाचं तेल पिवळं पडतं, हे मला लवकरच कळलं होतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, दर वर्षी एकच प्रश्न विचारायचे.

"काहून वो सूनबाई, हा पिवळा पडून राह्यला दरसाली?"

"अंधारात राहतो म्हणून, मामाजी."

"मंग बाहेर ठेवाव का?"

"ठेवा. पोरं त्याची शिंगं शाबूत ठेवतील तर ठेवा."

विषय तिथंच संपायचा आणि मला बरं वाटायचं. तो पिवळा पडत होता म्हणून तर दर वर्षी माझ्या हाताखाली येत होता. वर्षातून एक दिवस सगळी ओळ आमच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, मोठ्या सुनेनं काय रंगवला! बाकीचे दिवस भाकरी आणि धुणं. त्या एका दिवसावर माझं वर्ष निघायचं.

मग धाकटी आली. माझ्या दिराची बायको, मारेगावची. तिच्याबद्दल जे सांगायचं ते मी आधीच सांगून टाकते. ती गोरी आहे, हसते तेव्हा शेजारच्या घरात ऐकू जातं, आणि तिला कुठलीही वस्तू जागेवर ठेवता येत नाही. ब्रश धुवायचा विसरते. तेलाच्या भांड्यावर झाकण नाही. पोळ्या लाटता लाटता उठून दारात जाते आणि तव्यावरची करपते. करपलेली स्वतःच खाते आणि वर मला म्हणते, "मले अशीच आवडते वो बाई." यावर सासूबाई हसतात. माझी एकही पोळी करपलेली नाही, त्यावर कोण कशाला हसेल?

पहिल्याच वर्षी मी तिला तान्ह्या पोळ्याच्या बाजारात विकायचे लहान नंदी रंगवायला दिले. डोळे काढताना मी दोरीनं मापं घेते. दोन्ही डोळे सारखे, नाकापासून सारख्या अंतरावर. हिनं मापं घेतलीच नाहीत. एक डोळा मोठा, एक बारका, एक वर चढलेला. मी ते नंदी शेवटच्या रांगेत ठेवले. बाजाराच्या दिवशी पोरं माझी रांग ओलांडून तिच्या नंद्यांकडे गेली.

"हा माह्याकडे पाहून राह्यला!" एक पोरगी ओरडली.

संध्याकाळी मामाजी उरलेले नंदी उचलून ठेवत होते. सगळे माझेच होते. ते म्हणाले, "सूनबाई, तुह्या हातचं पक्कं असते. तिच्या हातचं जित्तं असते." त्यांना वाटलं, त्यांनी दोघींचं कौतुक केलं. मी त्या रात्री जेवले, भांडी घासली, उद्याची यादी लिहिली. झोपताना मात्र आमच्या ह्यांना म्हटलं, "पक्कं म्हणजे काय हो? खिळा पक्का असतो." ते झोपले होते.

तरी मोठा नंदी माझाच होता. धाकटीनं तो कधी मागितला नाही. तिनं मागितला असता तर नाही म्हणता आलं असतं.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. नागपंचमीनंतर काही दिवसांनी धाकटीचा भाऊ नागपूरहून आला. तो तिथं एका कॉलेजात तेलाचं शास्त्र शिकत होता आणि प्रयोगशाळेतही काम करायचा. बोलायला बहिणीसारखाच. त्यानं पिशवीतून दोन बरण्या काढून ओसरीवर ठेवल्या. आत दुधासारखं पांढरं काहीतरी होतं.

"हे काय, दही आणलं का?" मामाजींनी विचारलं.

"रंग आहे, मामाजी. बाजारात नाही मिळत. आमच्या सरांनी बनवला."

मी हातातलं काम ठेवून आले. रंगाचं मला विचारल्याशिवाय आमच्या घरात काही ठरत नसे. "कशात बनवला?" मी विचारलं.

त्याला तेवढंच पाहिजे होतं. "ताई, रंग म्हणजे काय? एक पूड आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी. तुमच्याकडे धरणारं म्हणजे जवसाचं तेल. ते हवेनं घट्ट होतं, आणि अंधारात पिवळं पडतं. शहरात आता नवे रंग येत आहेत, त्यात तेल नाही. त्यात अ‍ॅक्रिलिक असतं, एक प्रकारचं प्लास्टिकच. बारीक बारीक कड्या एकीत एक अडकवून लांब साखळी करतात. ते पिवळं पडत नाही."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "कोपऱ्यावरच्या कापडवाल्यानं यवतमाळहून तसल्या प्लास्टिक रंगाचा डबा आणला होता. दाराला जवसाचा जुना रंग होता, त्यावर फासला. एका पावसाळ्यात पापडासारखा सोलून निघाला."

"बरोबर! तेलाशी त्याचं जमत नाही. म्हणून सरांनी काय केलं, जवसाच्या तेलापासूनच एक कडी तयार केली आणि त्या साखळीत ओवली. थोड्या कड्या तेलाच्या, बाकीच्या प्लास्टिकच्या. म्हणजे तेलाच्या जुन्या रंगाला हा धरून राहील."

"आणि तेल आहे म्हणजे पिवळाही पडेल."

त्यानं बरणी उजेडाकडे धरली. "थोडा पडेल किंवा नाही पडणार. तेच पाहायचं आहे. तेलाचा जुना रंग असलेली आणि वर्षभर अंधारात राहणारी वस्तू पाहिजे, असं सर म्हणत होते. मला तुमचा नंदी आठवला."

मी विचारलं, किती वेळात वाळतो? तासाभरात. ब्रश कशानं धुवायचा? पाण्यानं. माझं तेल वाळायला दिवस जातात आणि ब्रश घासलेटात बुडवून ठेवावे लागतात. मी विचारलं, हात किती द्यायचे, वास येतो का, उरलेला किती दिवस टिकतो? त्यानं हात जोडले. "ताई, तुम्ही आमच्या सरांना भेटा."

धाकटी भावाच्या शेजारी बसून शेंगा फोडत होती. "आमची बाई तुह्या सरायले रडवून सोडन," ती म्हणाली आणि सगळे हसले.

मामाजी बरणीचं झाकण काढून वास घेत होते. मग त्यांनी ते सांगितलं, अगदी सहज. "औंदा धाकटीच्या हातून होऊ दे. तिच्या भावानं आणलं, तिनंच लावाव."

"आणि सोलून निघालं तर?" मी म्हटलं.

"तर पुढल्या साली तू हायेसच ना."

आणि नाही सोललं तर? नाही पिवळं पडलं तर पुढच्या साली रंगवायचं काय? हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, पण त्या क्षणी मला सगळं स्पष्ट दिसलं. त्या दोन बरण्यांत माझा तो एक दिवस होता. नंदी सोलला तर तो मला परत मिळणार होता, पांढरा राहिला तर कायमचा जाणार होता.

एक गोष्ट मात्र झालेली होती. पाहुणा यायच्या आधीच, नेहमीच्या वेळेला, मी नंदी घासून त्याला तेल पाजलं होतं. पाहुण्यानं हात फिरवून पाहिला नाही, मामाजींच्या ध्यानात आलं नाही, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आमच्याकडे रंगाच्या आधी तेल असतंच. भाऊ दुसऱ्या दिवशी नागपूरला परत गेला. काही दिवसांनी धाकटीनं नंदी ओसरीवर ओढला, पदर खोचला आणि पाठीवर पहिला हात मारला. मी आत भाजी चिरत होते. माझं तिकडे लक्ष नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"बाई! वो बाई! हे पाहा ना, रंग पळून राह्यला!"

मी बाहेर आले. नंदीच्या पाठीवर पांढरा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी गोळा होत होता, तेलकट ताटावर पाणी जमतं तसा. मधे जुना पिवळा रंग उघडा. वशिंडावरून एक ओघळ मानेपर्यंत आला होता. धाकटी ब्रशनं तो पसरवायची आणि तो पुन्हा आकसायचा. तिचा चेहरा पाहून मला आनंद झाला. मोठा, भरपेट आनंद. असा आनंद मला मी स्वतः रंगवलेल्या नंदीनंही दिला नव्हता.

शेजारची म्हातारी बोळक्या तोंडानं दारात येऊन उभी राहिली. आमच्या ओळीत बातमी अशीच हिंडते. तिनं नंदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कावो मोठे, तेल पाजलं व्हतं का तू?"

"दर वर्षी पाजते."

"हौ, पण औंदा धाकटीच्या हाती व्हता म्हणते."

ती एवढंच बोलली आणि गेली. माझा आनंद तिथंच वाळून गेला. संध्याकाळपर्यंत सगळी ओळ म्हणणार होती की मोठीनं मुद्दाम तेल पाजून धाकटीचा रंग उतरवला. माझी सगळी पद्धत, सगळी वर्षं, त्या एका वाक्याखाली जाणार होती. आणि पोळा तर तोंडावर आला होता.

धाकटी रडत नव्हती. ती खाली बसली होती आणि म्हणत होती, "आता नंदी ठिपक्याचाच जाईन बाई, वाघावानी." तेव्हाही तिला विनोद सुचत होता.

"ऊठ," मी म्हटलं. "चिंध्या आण. कोंडा आण. चुलीतली चाळलेली राख आण."

अंगावरचं तेल कसं काढायचं हे तेल लावणाऱ्यालाच माहीत असतं. आधी तो रंग ओल्या फडक्यानं पुसून काढला. मग कोंड्यानं चोळलं, कोंडा तेल ओढून घेतो. मग कोरड्या राखेनं. बाहेर पाऊस झिमझिमत होता, ऊन मिळायचं नाही, म्हणून नंदी कोठीत नेऊन बाजेवर उभा केला. खाली दोन शेगड्या, निखारे मंद, ज्वाळा अजिबात नको. दिवसातून तीनदा मी आत जाऊन बोटानं पाठ पाहायची. बोट घसरलं की अजून नाही. धाकटी दर वेळी मागून विचारायची, "झालं का बाई?" आणि मी म्हणायची, "घाई करू नको." पोळ्याच्या दोन दिवस आधी बोट अडलं. आत प्यालेलं तेल आतच घट्ट झालं होतं आणि वर कोरडं, जरासं खरखरीत अंग आलं होतं.

मी बाजूला झाले. धाकटीनं ब्रश घेतला. या वेळी रंग पळाला नाही. पसरला आणि बसला. तासाभरानं मी नखानं खरवडून पाहिलं, निघाला नाही. धाकटीच्या भावानं सांगितलं होतं तसं झालं. त्यातलं तेल माझ्या तेलाला धरून बसलं होतं.

डोळे तिनं काढले. एक मोठा, एक लहान. नंदी माझ्याकडे पाहत होता.

तान्ह्या पोळ्याला ओळ दारात जमली. लोक वाकून वाकून पाहत होते. इतका पांढरा नंदी कोणी पाहिला नव्हता. माझ्या पांढऱ्यात नेहमी तेलाची थोडी झाक असायची, हा शंखासारखा होता. "धाकट्या सुनेनं काय रंगवला!" मी आरतीचं ताट धरून उभी होते. धाकटी सगळ्यांना सांगत होती, "बाई नसती तर ठिपक्याचा जाता. बाईनं वाचवलं." ती मोकळ्या मनानं सांगत होती आणि लोक तिच्या मोकळ्या मनाचंच कौतुक करत होते. मी वाचवलं हेसुद्धा तिच्याच खाती जमा झालं.

नंदी मी नेहमीसारखा चादरीत गुंडाळला. गाठी जरा जास्त घट्ट मारल्या. वर्षभर कोठीत धान्य काढायला गेले की चादरीकडे पाहायची, पण सोडायची नाही. काही गोष्टी वेळेवरच कराव्यात.

पुढच्या नागपंचमीला मी तेल, सफेदा, राळ सगळं आणून ठेवलं होतं. मामाजींनी नंदी ओसरीवर आणला आणि मी चादर सोडली. पांढरा. अगदी गेल्या वर्षीसारखा शंख नाही, पण पांढरा. पिवळेपणा शोधायला मी त्याला उजेडात फिरवून पाहिलं, पोटाखाली पाहिलं, कानामागे पाहिलं.

"भले!" मामाजी म्हणाले. "औंदा रंगवाचं कामच नाही. सूनबाई, तुह्या मागचा व्याप गेला."

त्यांना खरंच वाटलं की मला हलकं वाटेल. मी म्हटलं, "हो ना." धाकटीचा भाऊ येऊन नंदीला हात लावून गेला, वहीत काहीतरी लिहून गेला. तो रंग पुढं कधी बाजारात आला नाही. त्याचे सर दुसरीकडे गेले आणि काम तिथंच थांबलं, असं तो नंतर म्हणाला. म्हणजे या जगात तो रंग कदाचित आमच्या नंदीवरच आहे.

तेव्हापासून नंदी तसाच बाहेर पडतो. धाकटीनं एकदा रंगवला आणि दर वर्षी तोच रंग तोरणाखालून जातो. ती त्या दिवशी हातही लावत नाही, पुरणाचा घास खात दारात उभी असते, तरी लोक म्हणतात धाकटीचा नंदी. मी इतकी वर्षं रंगवला, पण माझा प्रत्येक रंग पुढच्या वर्षीच्या माझ्याच रंगाखाली गेला, आणि सगळे मिळून आता तिच्या एका हाताखाली आहेत. मी चाकांना तेल देते. चाकांना रंग नाही, तेल लागतं. त्यावर कोणी काही बोलत नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्यानंतर नंदी गुंडाळताना मी त्याला फडक्यानं पुसत होते. डाव्या कानाच्या सांध्यापाशी बोट अडखळलं. केसाएवढी भेग होती. सागाचं लाकूड वर्षानुवर्षं फुगतं, आकसतं, त्यानं पडली असेल. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. पांढऱ्याच्या आत पिवळी रेघ दिसत होती. जुन्या तुपासारखी. माझी.

मी कोणाला सांगितलं नाही. फडकं तिथून हलकेच फिरवलं आणि चादर बांधली, या वेळी गाठी सैल ठेवल्या. यंदा नागपंचमी अजून लांब आहे, पण घाणीवरून जवसाचं तेल आणून ठेवलं आहे. काल धाकटीनं फडताळात बरणी पाहिली.

"बाई, इतकं तेल कायले वो?"

"असू दे," मी म्हटलं. "झाकण नीट लाव."